पाठीकडचं अस्तर

जटपुरा गेटच्या कमानीत गाड्या तुंबल्या होत्या. हर्षाची स्कूटर एका ऑटोच्या शेजारी धूर खात उभी होती, आणि पुढे जो सायकलवाला एक पाय जमिनीला टेकवून थांबला होता, त्याच्या पाठीवर तिला आपले स्वतःचे टाके दिसले. आपले टाके ओळखायला तिला चेहरा लागत नाही. आई गर्दीत पोराचं रडणं ओळखते तसं ते आहे, आणि हर्षाला पोर नसल्यामुळे ही उपमा कुणी दिली की ती चिडते. पण खरी गोष्ट तीच. बिनबाह्यांची बंडी, जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून केलेली, पाठीवर काळे बारीक टाके, खांद्यावर दाट आणि खाली येता येता विरळ. चंद्रपुरात दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यावर कोळशाची धूळ बसते ती अशीच बसते. हिरडा आणि गंजलेले खिळे उकळून तो काळा तिनं स्वतः काढला होता. अशी बंडी जगात एकच होती आणि ती तिनं दिवाळीच्या सुमाराला बापासाठी केली होती. "अहो, ती बंडी माझी आहे!" असं ती म्हणाली. मनात नाही, तोंडानं, आणि चांगलं मोठ्यानं. सायकलवाल्यानं मान वळवली, तर तो मुखरू. बाबूपेठेत बाबांच्या गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर इस्तरी करणारा मुखरू, बाबांच्या शर्टांना वर्षानुवर्षं कडक घड्या घालणारा. त्यानं तिला ओळखलं, हसला, आणि मग तिच्या तोंडाकडे पाहून त्याचं हसू अर्ध्यात थांबलं. "वामनभाऊनं देली बाई. पोरीच्या लग्नात, आहेर म्हनून," तो म्हणाला. "पाह्यजे का तुमाले?" आणि तिनं काही बोलायच्या आत त्याचा हात वरच्या बटनाकडे गेला. एक बटन निघालं. दुसरं निघालं. मागून हॉर्न वाजायला लागले. "नाही, नाही, मुखरूभाऊ, घाला, घाला तुम्ही, छान दिसते तुम्हाला," असं काहीतरी ती बरळली, आणि फट सापडेल तिथून स्कूटर घालून निघाली ती थेट रामाळा तलावाच्या काठाशी येऊन थांबली. तिला जायचं होतं गोल बाजारात दोरा आणायला. तलावाचा आणि दोऱ्याचा काही एक संबंध नव्हता.

काठावर जानेवारीचं ऊन होतं, कोवळं म्हणावं असं. हर्षा कठड्यावर बसली आणि आपल्याला नक्की काय झालंय ते शोधायला लागली, जसं माणूस पर्स हरवल्यावर पर्समध्येच हात घालून पर्स शोधतो. राग आला होता का? आला होता. पण कुणाचा? बाबांनी आपली बंडी देऊन टाकली याचा असेल, म्हणून तिनं तो राग नीट अंगावर घेऊन पाहिला, पण तो बसेना, काखेत दाटला. लाज वाटत होती का? वाटत होती, पण ती कुठून सुरू होते ते सापडेना. डोळ्यांसमोर सारखी बटनंच येत होती. मुखरूच्या हाताखालची बटनं. ती बटनं बाबांच्या डब्यातली होती, पाच बटनं पाच जातींची, एक शिंपल्याचं, एक खाकी, एक बाबांच्या कारखान्यातल्या कोटाचं. तो डबा म्हणजे हर्षाचं पहिलं खेळणं. त्यांच्या घरचा एक नियम होता, आणि तो इतका जुना होता की तो नियम आहे हे तिला कॉलेजला नागपूरला गेल्यावर कळलं. वामनरावांच्या घरात कुणाचं जुनं कापड यायचं नाही, आणि त्यांच्या घरचं जुनं कापड कुणाकडे जायचं नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडेवाली दारावर आली, डोक्यावरची टोपली उतरवून स्टीलची पातेली वाजवून दाखवायला लागली, की आई आतूनच सांगायची, "आमच्याकडे नाई निंगत काई." आणि खरंच निघत नसे. शर्ट विरला की रविवारी बाबा तो मांडीवर घेऊन बसत. आधी ब्लेडनं बटनं काढत, डब्यात टाकत. मग शिवणीपाशी दातानं एक खाच, आणि टर्रर्र. तो आवाज हर्षाला अजून रविवारचा आवाज वाटतो. चिंध्या पुसायला जात, पुसून झाल्या की चुलीत जात. शेजारची मयुरी एकदा हर्षाचा आखूड झालेला फ्रॉक मागायला आली होती, तर बाबांनी तिला दुकानात नेऊन नवा घेऊन दिला आणि घरी येऊन जुना फाडला. आई म्हणाली, "दोन फराकीचा खर्च कराले काय तुमी जमीनदार हाय?" बाबांनी बटनं तेवढी जपून काढली.

का, ते बाबांनी एकदाच सांगितलं होतं, तेही रेल्वेत. ती तेव्हा कॉलेजातून सुट्टीला आली होती आणि त्यांच्यासोबत सकाळच्या पॅसेंजरनं बल्लारपूरला चालली होती, कागद कारखान्यात त्यांचा सत्कार होता म्हणून. डब्यात लगद्याचा आंबूस वास यायला लागला, म्हणजे बल्लारपूर आलं, आणि बाबा आपली कॉलर सारखी करत खिडकीकडे पाहत म्हणाले, की मूल तालुक्यातल्या गावात ते शाळेत होते. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोनेक वर्षं झाली होती, पण गरिबी काही दीक्षा घेत नाही. आजीनं पूर्वी पाटलाच्या घरून सुगीला मिळालेला एक सदरा पेटीत ठेवला होता, तो थंडीत पोराच्या अंगात घातला. वर्गात पाटलाचा पोरगा उठून उभा राहिला. "गुरुजी, हा माया सदरा हाय," तो म्हणाला, आणि बाहीवरचं जळाल्याचं भोक त्यानं बोटानं दाखवलं. गुरुजी हसले. कुणी काढ म्हणालं नाही. "म्याच काढला," बाबा म्हणाले. "उघडा बसलो दिवसभर. थंडी लय होती." एवढंच. मग स्टेशन आलं आणि ते तिला म्हणाले, उतरताना पाय पाहून टाक. हर्षानं ती गोष्ट पुढे कितीदा तरी मनात घोळवली, तिच्यावर रडली, मैत्रिणींना सांगितली, त्या पाटलाच्या पोराचा तिनं मनातल्या मनात चेहरा बनवला, नाक बसकं, केस चोपडलेले. आणि आज जटपुरा गेटला तिनं स्वतः काय केलं? ती माझी आहे, म्हणाली. आणि समोरच्या माणसानं बटनं काढायला सुरुवात केली. तेव्हा आता तो चेहरा बसक्या नाकाचा राहिला नव्हता. छे, असं कसं, ती स्वतःला म्हणाली, ती खरंच माझी होती ना. मग लगेच तिला आठवलं की सदरा पण खरंच त्या पोराचाच होता.

आणि खरं सांगायचं तर गुंता इथून सुरूच होत नव्हता. तो तिच्या कामापासून होता. तुकूमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत हर्षा जे करते त्याला नागपूरच्या प्रदर्शनात मोठमोठी नावं आहेत, पण सरळ बोलायचं तर ती लोकांची जुनी लुगडी, धोतरं, चादरी गोळा करते, पळसाच्या फुलांत, हळदीत, हिरड्यात रंगवते, तुकडे जोडते, हातानं टाके घालते, आणि त्यांच्या बंड्या, कोट, झोळ्या, गळ्यातल्या माळा करते. बटनांच्या माळा तर मोहर्लीच्या रिसॉर्टात हातोहात जातात. कापडावर ती जे काढते त्याला ना फूल म्हणता येतं ना पक्षी. कुणाच्या गुडघ्याला झिजलेली जागा दिसली की तिथे ती गुडघाच काढते, टाक्यांची वलयं. कापड वाया जात नाही, कापसाचं नवं पीक लागत नाही, नदीत रंग जात नाही, हे सगळं ती मनापासून मानते. मोहर्लीला एकदा वाघ पाहायला आलेल्या एका बाईनं तिचा कोट अंगात घालून विचारलं होतं, "हे खरंच कुणी नेसलेलं होतं?" हर्षा हो म्हणाली, तर त्या बाईनं डोळे मिटून कापड गालाला लावलं. तेव्हा हर्षाला आनंद झाला होता, आणि त्याच वेळी पोटात कुठेतरी बाबा खोकले होते. कारण ज्या भांडेवालीला तिची आई दारातून परत पाठवायची, तिच्याच सुनेकडून आता हर्षा गठ्ठे घेत होती. बाबांना तिनं हे कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, कापड कुठून आणतेस, तर म्हणायची, विणकरांकडून. विणकरांनीच तर विणलं होतं कधीतरी. अगदी खोटं म्हणता येणार नाही अशी ती बेरकी थाप होती. बंडी नेऊन दिली त्या दिवशी बाबांनी ती उलगडली, बोटांत धरून चुरली, आणि विचारलं, "कापड कोनाचं?" "माझंच," हर्षा म्हणाली. "छान हाय," बाबा म्हणाले आणि अलमारीत ठेवून दिली. पुढे तिनं प्रत्येक वेळी पाहिलं, ती तिथेच होती, त्याच घडीत. थंडी पडू दे, घालतो, म्हणत होते.

आणि या सगळ्याच्या आत अजून एक गोष्ट होती, ती फक्त हर्षाला माहीत होती. बंडीच्या आत, पाठीकडून, आई होती. म्हणजे आईचं पातळ. आईकडे, म्हणजे ठमाबाईंकडे, पांढरं एकच होतं, बारीक निळ्या काठाचं, दरवर्षी सोळा ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाताना नेसायचं. या गावात पांढरं नेसणं म्हणजे मुळातच हट्ट. बाहेर वाळत घातलं तर संध्याकाळपर्यंत राखी होतं, म्हणून आई ते आणि बाबांचे शर्ट आतल्या खोलीत दोरीवर वाळवायची, पंखा लावून, आणि शाळेतून आल्यावर हर्षाला त्या ओल्या, नीळ घातलेल्या कपड्यांच्या मधून वाकून जावं लागायचं. गालाला गार लागायचं. आई गेली त्याला आता तीन वर्षं झाली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी आईची पेटी उघडली. हर्षाला वाटलं होतं, निदान आज नियम मोडेल. बाबा जमिनीवर बसले, एकेक पातळ मांडीवर घेतलं, आणि फाडलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. फक्त नेहमीपेक्षा हळू फाडत होते, उभ्या धाग्यातून, सरळ. ती चहा करायच्या निमित्तानं आत गेली तेव्हा ते पांढरं पातळ तिच्या ओढणीखाली होतं. आपल्याच आईचं लुगडं आपल्याच घरातून चोरणारी पोरगी चंद्रपूर जिल्ह्यात दुसरी नसेल. बंडी शिवताना तिनं ते अस्तराला घातलं, निळा काठ मानेपाशी येईल असं. मनात होतं, बाबा एकदा घालतील, पाठीला ऊब लागेल, म्हणतील काय मऊ आहे, आणि मग आपण सांगू. मग ते काय म्हणतील, यावर तिची सगळी मदार होती. फाडतील की ठेवतील. म्हणजे माझं काम फाडतील की ठेवतील. आता ते अस्तर मुखरूच्या पाठीला लागून सायकलवरून गावभर हिंडत होतं.

ती बाबूपेठेत पोचली तेव्हा बाबा ओसरीत पेपर वाचत होते. पांढरा शर्ट, कडक घडी, पंचाहत्तरीतही वरचं बटन लावलेलं. गल्लीच्या तोंडाशी मुखरूची गाडी होती, मुखरू नव्हता. हर्षानं येताना ठरवलं होतं की सहज विषय काढायचा, आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "बंडी काऊन देली बाबा तुम्ही?"

बाबांनी पेपर घडी केला. "भेटला वाटते मुखरू."

"एकदाही घातली नाही तुम्ही."

"म्हनून तर देता आली. आहेरात नवंच देते मानूस. घातली असती तर देली नसती." त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "कापड लोकायचं होतं, हर्षा. जुन्या कापडाचा वास मले लपत नाई. तू धू, उकळ, रंगव, काईबी कर. हाताले लागलं की समजते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलू? घालनं माह्यानं होत नोतं. फाडावं तं तुह्ये टाके." त्यांनी हवेतच बोटानं खांद्यापासून खाली ठिपके दिले. "धूळ काढली तू. कोळशाची. रोज अलमारी उघडून पाहे मी. फाडाचे हात होत नोते. मंग मुखरूच्या पोरीचं लगन निंगालं. त्याले सांगून देली हो, कापड जुनं हाय म्हनून. लपवून नाई देली. तो म्हने, वामनभाऊ, शिवली तं नवी हाय. खुश झाला बिचारा."

बाबा हसले. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी एक अवघड गणित सोडवलंय, कुणाचं मन न दुखवता, नियम न मोडता, आणि हर्षाला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की आता काही सांगूच नये असं वाटलं. न सांगून काय बिघडणार होतं? पण तिच्या तोंडाला आज सकाळपासून कुलूप नव्हतं. "आत अस्तर आईचं होतं," ती म्हणाली. "सोळा ऑक्टोबरचं पातळ."

"ते फाडलं मी."

"नाही फाडलं. मी काढून घेतलं होतं आधीच."

बाबा उठले. ती घाबरली. पण ते फक्त आत गेले, गॅसवर चहाचं भांडं ठेवलं, दूध घातलं, साखर घालायची विसरले, मग दोनदा घातली. ती दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली. पांढऱ्या शर्टाची इस्तरीची रेघ मधोमध सरळ होती. रागावले का, रडताहेत का, पाठीवरून काहीच कळत नव्हतं, आणि चेहरा पाहायला पुढे जायचा तिला धीर होईना. चहा उतू जायला आला तेव्हा ते वळून न पाहता म्हणाले, "कोन्या बाजूनं लावलं?"

"पाठीकडून."

"काठ?"

"मानेपाशी. कॉलरच्या आत."

त्यांनी मान हलवली. चहा गाळला. "मी आणू का परत?" हर्षा घाईनं म्हणाली. "मुखरूभाऊंना दुसरी करून देते, याच्यापेक्षा चांगली, पूर्ण नव्या कापडाची. ते देतील. मघाशी तर रस्त्यातच काढून देत होते."

बाबांचा हात कपावर थांबला. "काढून देऊन राह्यला होता?"

हर्षानं आपला कप उचलून परत खाली ठेवला.

"मानसाच्या अंगावरून उतरवून आनशीन?" ते फार हळू बोलले. "मंग ते माह्या घरात काय म्हनून येईन, सांग?"

त्या प्रश्नाला उत्तर होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं. उतरलेलं म्हणून. मुखरूनं घातलं, म्हणजे आता ते मुखरूचं. परत घ्यावं तर लोकांचं जुनं घरात आलं. बायकोचं पातळ, लेकीचे टाके, आपल्याच कोटाचं बटन, आणि तरीही. हर्षाला वाटलं, हा काय वेडेपणा आहे, आणि तिला हेही वाटलं की या वेडेपणावरच हे घर उभं राहिलं, तिची शाळा, नागपूर, हे दोन्ही हात. चहा अतिगोड झाला होता. दोघांनी तो संपवला. निघताना बाबा तिला काही म्हणाले नाहीत, चांगलं केलंस नाही की वाईट केलंस नाही, आणि ती रस्त्यात थांबून दोन्हीसाठी उत्तरं तयार करत राहिली.

पुढचे कित्येक दिवस तिचं काम चाललं नाही. मोहर्लीला पाठवायचा एक कोट टेबलावर कापून पडला होता, कुठल्यातरी बाईच्या जांभळ्या लुगड्याचा, आणि ती कात्री हातात घेऊन नुसती उभी राहायची. हे कुणाचं असेल? तिनं खुशीनं दिलं असेल का पातेल्यासाठी? की ती मेल्यावर सुनेनं? आधी हे प्रश्न तिला गोड वाटायचे, कापडात गोष्ट आहे असं ती लोकांना सांगायची. आता कापड हातात घेतलं की कुणीतरी बटनाला हात घालतंय असं दिसायचं. काम सोडावं, असं सकाळी वाटे. दुपारी वाटे, का सोडावं, उतरलेल्या कापडाचा कुणी आहेर करून दाखवलाय का आजवर? संध्याकाळी वाटे, आहेर तर बाबांनी केला, आपण नाही. एकदा तिनं जांभळं कापड उचलून शिवणीपाशी दात लावला, फाडावं म्हणून, आणि धाग्याची खारट चव जिभेवर येताच सोडून दिलं. दातांचा ओला ठसा तेवढा राहिला. नंतर तिनं त्या ठशाभोवतीच टाके घालायला घेतले, कशासाठी ते तिला सांगता आलं नसतं.

मग एका सकाळी, धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, ती बाबूपेठेत गेली. गल्लीच्या तोंडाशी मुखरूची गाडी लागलेली होती, कोळशाच्या इस्तरीतून ठिणग्या उडत होत्या, आणि मुखरूच्या पाठीमागे एका स्टुलावर बाबा बसले होते. मांडीवर एकच शर्ट, तोही आधीच इस्तरी केलेला. घडी स्पष्ट दिसत होती. ती स्कूटर बंद करून लांबच थांबली. पानठेल्यावरच्या दादाजीनं तिला पाहिलं आणि हसून म्हणाला, "वामनभाऊचा आजकाल इथीच मुक्काम हाय बाई. रोज तोच शर्ट आनतेत." मुखरूच्या अंगात बंडी होती. तो इस्तरीवर वाकला की पाठ ताणायची, काळे टाके पसरायचे, आणि मानेपाशी कॉलर जरा सुटून आतली बारीक निळी रेघ दिसायची. तो सरळ झाला की ती परत आत जायची. बाबा दोन्ही हात शर्टावर ठेवून बसले होते. हर्षाला हसू आलं. तेवढ्यात मुखरू बोलायला म्हणून मागे वळला, जावई काय म्हणत होता ते सांगायला लागला. बाबांनी त्याला अर्ध्यातच तोडलं.

"तिकडे तोंड कर ना बाप्पा," ते म्हणाले. "कापड जळन."

मुखरूनं मुकाट्यानं पाठ फिरवली.